तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या आयांसाठी कलेचं वर्कशॉप: हाताला काम काय द्यावं? (गटावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बंदरकाठ

हर्णै-आंजर्ले पट्ट्यातल्या ग्रामसंघातर्फे नोव्हेंबरपासून सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, नव्या आयांसाठी कलेचं वर्कशॉप घ्यायचं ठरतंय. बायका १० ते १२, बाळं दीड महिन्यापासून दहा महिन्यांपर्यंतची. जागा म्हणजे समाजमंदिराचा हॉल: पंखे आहेत, बाथरूम एकच, नळ बाहेर. आशाताई आणि अंगणवाडी सेविका सोबत असतील. खर्चाला सगळे मिळून ५,००० रुपये.

बाळाला हुशार करणं हा हेतू नाही. बाळंतपणानंतर घरात अडकलेल्या बाईला दीड तास माणसांत बसता यावं आणि हाताला स्वतःचं काहीतरी काम मिळावं, एवढंच. सभेत तीन गोष्टी सुचल्यात: मेंदी, रांगोळी आणि बाळाच्या पावलांचे ठसे. यातलं काय चालेल? बाळाच्या तोंडात गेले तरी चालतील असे रंग कुठले? वेळ कुठली धरावी? आणि एखादी बाई खरोखरच खचलेली वाटली तर आपण नेमकं काय करायचं?

धावदोरा

मेंदी आणि रांगोळी दोन्ही यादीतून काढा. कला म्हणून वाईट नाहीत, पण इथे बसत नाहीत. अशा वर्कशॉपसाठी कसोटी एकच: बाळ रडलं की पाच सेकंदांत हातातलं काम खाली ठेवता आलं पाहिजे, आणि वीस मिनिटांनी परत येऊन बसलं तर ते बिघडलेलं नसलं पाहिजे. मेंदी ओली असताना बाळ उचलता येत नाही, दूध पाजता येत नाही, लंगोट बदलता येत नाही. काळ्या मेंदीच्या कोनात तर केस काळे करायचं रसायन असतं, ते बाळाच्या कातडीला लागूच नये. रांगोळीला वाकून बसावं लागतं. सिझेरियनचे टाके असतील तर ते जमत नाही. शिवाय ती दगडाची पूड, जमिनीवर लोळणाऱ्या बाळाच्या नाकाशीच उडते. पावलांच्या ठशांचं ‘पेणचा गोळा’ सांगतीलच.

कसोटीला उतरणारं पहिलं काम म्हणजे कापडाचं काळं-पांढरं पुस्तक. तान्ह्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यातही फिक्या रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक त्याला आधी कळतो. म्हणून गुलाबी-आकाशी बदकं नकोत. जाड पट्टे, एक मोठा गोल, त्रिकोणांची माळ, बस.

एका पुस्तकाला पांढऱ्या मांजरपाटाचे १७ सेंटिमीटरचे चार चौकोन (कडा एकेक सेंटिमीटर दुमडल्यावर १५ उरतात) आणि काळ्या सुती कापडाचे तुकडे लागतात. सगळं कापून, टाचून, आकार पेन्सिलीने आखून आणा. वर्कशॉपात कात्री काढायचीच नाही. धागा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढाच, सुईत आधीच ओवलेला. लांब धाग्याला गाठी पडतात आणि मांडीवरून उठताना तो कशाततरी अडकतो. आकार काजटाक्याने लावायचे, कडेला धावदोरा. दुसरं काही शिकवू नका; ज्यांना येतं त्या आपोआप शेजारणीला दाखवतात, आणि गजालीही तिथूनच सुरू होतात.

बिघडतं ते काळ्या कापडात. ते रंग सोडतं, बाळ चावतं आणि पांढरं राखाडी होतं. आधी गरम पाण्यात दोनदा धुवा, मग पांढरा रुमाल ओला करून त्यावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल मळला तर ते कापड बाद. बटणं, टिकल्या, मणी, जर काहीही लावू नका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जे माप धरतात त्यात जेमतेम ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू धोक्याची मानली जाते. घरी ठरवायचं तर आईच्या अंगठ्याने आणि तर्जनीने केलेल्या कड्यातून जे आरपार जाईल ते बाळाजवळ नको.

माडाखाली

धावदोरा, कल्पना उत्तम, पण रांगती बाळं आणि सुया एका सतरंजीवर? दहा महिन्यांचं पोर तीन सेकंदांत हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतं.

धावदोरा

बरोबर, ते राहिलं. गट दोन करा. न रांगणाऱ्यांच्या आयांना सुई, रांगणाऱ्यांच्या आयांना ठसेकाम (भाज्यांचे, दांड्यांचे ठसे). सुया मोजून द्यायच्या, प्रत्येक सुई नंबर घातलेल्या उशीत खोचलेली, आणि परत घेताना पुन्हा मोजायची. बारा दिल्या आणि अकरा आल्या तर कुणीही उठायचं नाही, आधी लोहचुंबक फिरवायचं. बाळ मांडीवर असताना सुई हातात घ्यायची नाही, यात सूट नाही. त्यासाठी तीन बाळांमागे एक मोकळी बाई हवी. दहा बाळांना तीन-चार आज्या बोलवा. या आज्यांना कलेत ओढू नका, त्यांचं काम बाळ घेणं.

कोकमकळी

रंगांबद्दल. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, त्यामुळे ‘खाल्लं तरी चालेल’ असा रंग त्या वयाला लागूच होत नाही. त्यांच्यासाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन चमचे रंग घाला, हवा काढा, तोंड दुमडून रुंद चिकटपट्टीने बंद करा आणि चारी कडा लादीला चिकटवा. पोटावर झोपवलेलं बाळ वरून थापा मारतं, रंग आतल्या आत पसरतो. सोबत मोठं माणूस हातभर अंतरावर बसलेलंच हवं, कारण सुटलेली पिशवी तोंडावर बसू शकते.

सहा महिन्यांवरच्यांसाठी तांदळाची खळ. दोन मोठे चमचे पीठ एक कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत ढवळा. घट्ट पेजेसारखं, चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतपत झालं की उतरवा. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर गुठळ्या राहतात आणि त्या घशात अडकतात. कोमट झाल्यावर वाटीवाटीत वेगळी करा. बिटाच्या रसाने गुलाबी, पालकाच्या रसाने हिरवी, हळदीने पिवळी. हळद मात्र सुटी पूड नको. चकाकी यावी म्हणून हळदीत शिशाच्या क्रोमेटची भेसळ होते आणि शिसं बाळाच्या मेंदूला वाईट. घरात अख्खी हळकुंडं असतील तर ती कुटा, नाहीतर पिवळ्याशिवाय चालवा. कुंकू त्याच कारणासाठी वर्ज्य.

खळ त्याच दिवशी करायची, वापर झाला की टाकून द्यायची. शिजलेला तांदूळ आपल्या दमट हवेत लवकर नासतो, आणि वास येण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असतात. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. ‘उरली, पुढच्या आठवड्याला’ तर नाहीच.

आता कोकम, कारण कुणीतरी सुचवणारच. रंग सुरेख येतो, पण आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ भरपूर असतं, सुकवलेल्या आमसुलातही असतं. त्यामुळे कोकम फक्त आयांच्या ब्रशाला. बिनमिठाचा रस हवा तर ताजे रातांबे (कोकमाची फळं) लागतात, आणि ते नोव्हेंबरात कुठून आणणार! आयांना मात्र यातली गंमत दाखवा: कापडावर कोकमाचा लाल फराटा ओढायचा आणि त्यावर काडीने खायच्या सोड्याचं पाणी टेकवायचं. जिथे टेकलं तिथे लाल सरून जांभळट-निळसर होतं. हळदीच्या पिवळ्यावर तेच पाणी लावलं तर लालभडक डाग उमटतो. चुन्याने हेच जास्त ठळक होतं, पण चुना डोळ्याला घातक, तो आणू नका. असे डाग टिकत नाहीत, चार धुण्यांत जातात. हे आधीच सांगा, नाहीतर कुणी चांगल्या ब्लाउजपीसवर करून बसेल.

ठसेकामाला भेंडी (फूल उमटतं), पडवळ आणि केळीच्या पानाचा दांडा. दांडा आडवा कापला की आत हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते, तिचा ठसा मधमाशांच्या पोळ्यासारखा येतो. पण केळीचा चीक कपड्यावर तपकिरी डाग पाडतो आणि तो डाग जन्मभर. काप घेतल्यावर दहा मिनिटं उलटा धरून चीक गळू द्या, दोनदा पुसा, मग रंगात बुडवा. ठशाला पातळ रंग चालत नाही, फिसकटतो. बशीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओता, म्हणजे दांडा बुडत नाही, नुसता टेकतो.

पेणचा गोळा

पावलाचा ठसा शाडूत घ्यावा. एका पाटीला ओली माती साधारण ४०० ग्रॅम: १२ बाय १२ सेंटिमीटर, जाडी दीड सेंटिमीटर. बारा पाट्यांना पाच किलो धरा. आदल्या दिवशी माती चाळून भिजवा आणि ओल्या गोणपाटात रात्रभर मुरवा. सकाळी भाकरीच्या पिठासारखी मळून घ्या. बोटाने दाबल्यावर कडा फाटली तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त.

सगळे चुकतात ते दाबताना. बाळाच्या तळव्याला बोटांच्या खालच्या बाजूने स्पर्श झाला की बोटं आपोआप मिटतात, ती उपजत प्रतिक्रिया असते. मग ठशात मुठीसारखा गोळा दिसतो आणि आई हिरमुसते. म्हणून पाऊल मातीवर आपटायचं नाही. बाळ पोटभर प्यालेलं, डुलक्या घेणारं हवं. तळव्याला खोबरेल तेलाचा पुसट हात. आधी टाच टेकवा, मग तळव्याची बाहेरची कड, आणि शेवटी पावलाच्या वरच्या बाजूने एकेक बोट हलकेच दाबा. पाऊल सरळ वर उचला, ओढू नका. लगेच ओल्या फडक्याने पुसा, बोटांच्या बेचक्यासकट.

सुकवणं सावलीत, सहा ते आठ दिवस. पहिले दोन दिवस कडांवर ओलसर फडकं, कारण कडा आधी सुकतात आणि मधल्या ओल्या भागाला ताण देऊन फाटतात. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलं की तडा ठरलेलाच. रोज उलटत राहा. टांगायचं असेल तर भोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माती चामड्यासारखी झाल्यावर पाडा. न भाजलेली माती पाण्यात विरघळते, हे आयांना आठवणीने सांगा, नाहीतर कुणी कौतुकाने धुवायला जाते.

मधेच बाळ रडलं तर पाटीवर ओलं फडकं टाकायचं आणि उठायचं. तासाभराने मऊच असते. धावदोऱ्यांची कसोटी इथेही लागू.

माडाखाली

शाडू मिळायला उशीर लागला तर मिठाची कणीक? मैदा दोन वाट्या, मीठ एक वाटी, पाणी एक वाटी. ओव्हनमध्ये वाळतेही.

कोकमकळी

बाळं असलेल्या खोलीत अजिबात नको. एवढ्या मिठाच्या कणकेचा लहानसा गोळा पोटात गेला तरी तान्ह्याच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. शिवाय आपल्या हवेत मीठ पाणी ओढतं, महिन्याभरात पाटी घाम आल्यासारखी ओली होते.

पेणचा गोळा

आणि कुणी प्लॅस्टर ऑफ पॅरिस सुचवायच्या आत सांगतो: त्यात बाळाचा हात-पाय कधीही ठेवायचा नाही. घट्ट होताना ते तापतं, भाजण्याइतकं. पांढरा ठसाच हवा असेल तर आधी शाडूत ठसा घ्या, बाळ घरी जाऊ द्या, मग त्या साच्यात ओता: पूड दोन भाग, पाणी एक भाग, आणि पूड पाण्यात टाकायची, पाणी पुडीत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने माती सोलून काढा.

पाळणाघर

वेळेबद्दल कुणी बोललं नाही. सकाळी बाळाचं तेल, आंघोळ, शेक-धुरी, वर घरचा स्वयंपाक. अकराच्या आत बाळंतीण मोकळी होत नाही. दुपारी ३ ते ४:३० धरा. दीड तासात हातकाम फार तर दोनदा वीस-वीस मिनिटं होईल, बाकी पाजणं, बदलणं, चहा. हे वेळापत्रकातच लिहा, म्हणजे ‘आज काहीच झालं नाही’ असं कुणाला वाटणार नाही. पहिल्या दिवशी निम्म्याच येतील. ते गृहीत धरा.

बसायला भिंतीकडेची जागा, पाठीला उशी. टाकेवाल्यांसाठी पाठ असलेल्या चार खुर्च्या आणि पुढे चौरंग. पाजायला साडीचा आडोसा करा, पण हॉलच्या आतच आणि गप्पा ऐकू येतील असा. वेगळ्या खोलीत पाठवलं की बाई पुन्हा एकटी पडली. फोटो बाळाचे नाहीत, बायकांचेही नाहीत. फक्त हातांचे आणि कामाचे.

पैशांत आधी रिक्षाभाडं आणि खाणं बाजूला काढा. उरलेल्यात वरचं सगळं साहित्य बसतं.

उपकेंद्र

शेवटच्या प्रश्नाचं मी सांगते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन बसलेलंच असेल तर तो आजार असू शकतो, आणि तो पहिल्या वर्षात कधीही सुरू होतो. हॉलमध्ये पाहायचं ते हे: बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नाही, खाणं ताटात तसंच राहतं, बाळ आजीकडे दिलं की ती वळून बघत नाही, किंवा उलट क्षणभरही सोडत नाही, ‘माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडे बरं वाढेल’ असली वाक्यं.

अशा वेळी सगळ्यांसमोर विचारू नका. सुया मोजताना किंवा बश्या विसळताना शेजारी उभं राहून, बाळाचं नाही, तिचं विचारा: ‘रात्री तुला झोप लागते का गं?’ आणि गप्प बसा. ‘सगळ्यांनाच होतं’, ‘बाळाकडे बघ, विसरशील’ ही दोन वाक्यं तोंड बंद करतात.

बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायची एडिनबरोची दहा प्रश्नांची मोजपट्टी (१९८७ची) वर्कशॉपात भरून घेऊ नका. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी पुढे काय, हे ठरलेलं असेल तिथेच ती भरावी. तुमचा रस्ता असा: आशाताई, उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, तिथून जिल्हा रुग्णालयातली मानसिक आरोग्याची ओपीडी. रत्नागिरी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयच येतं आणि ते नकार देतात, म्हणून ‘जिल्हा रुग्णालयात दाखवून येऊ’ असंच म्हणा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६: मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तो चहाच्या टेबलाजवळ लावू नका, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कुणी न बघता टिपून घेता येतो.

भास होणं, भलतंसलतं बोलणं, दोन रात्री अजिबात झोप नसूनही अंगात जोर असणं, बाळाबद्दल विचित्र समजुती, हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतं आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो. ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावण्यात एक रात्रही घालवू नये. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.

कलेने आजार बरा होतो असं पत्रकात लिहू नका. लंडनमध्ये १३४ आयांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे गटाने गाणाऱ्या आयांपैकी ज्यांची लक्षणं जास्त होती त्या, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरल्या. सर्जनशील खेळांच्या गटात मात्र तेवढ्या वेगाचा फरक दिसला नाही. यातून घ्यायचं तर एवढंच: शेवटची दहा मिनिटं गाण्याला ठेवा. अंगाई, ओव्या, जात्यावरचं जे आज्यांना येतं ते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून. ढोलकी-माइक नको, आणि जिला गायचं नाही तिच्यावर नजर रोखायची नाही.

बंदरकाठ

सगळ्यांचे आभार. मेंदी-रांगोळी रद्द. पहिले दोन आठवडे ठसेकाम, मग पुस्तक, पाचव्या आठवड्याला शाडू. दोन शंका: बाळांच्या वडिलांना कसं आणायचं? आणि बुधवार ठरवतोय, चालेल का?

पाळणाघर

पाचव्याला शाडू घेतलंत तर सहाव्या आठवड्यापर्यंत सुकणार नाही, वाटप कशाचं करणार? चौथ्याला घ्या.

वाराचं आशाताईंना विचारा. गावातलं लसीकरण ज्या दिवशी असतं तो दिवस आणि त्याच्या नंतरचा दिवस टाळा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर बाळ एक-दोन दिवस तापलेलं आणि किरकिरं असतं, निम्मा हॉल रिकामा राहील.

वडिलांचं म्हणाल तर नोव्हेंबरात होड्या समुद्रात आणि बाकीचे मुंबईत. खलाशांच्या घरांसाठी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत एक वेगळी दुपार ठेवा, चाकरमान्यांसाठी गणपतीत. जाळं विणायची सुई त्यांच्या हातात असतेच; सुती दोऱ्याचं पाळण्यावर टांगायचं झुंबर करायला द्या. पाळण्यात लोंबणारा दोरा २२ सेंटिमीटरहून लांब नको, फास बसतो. बाळ हातांवर उठू लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की झुंबर उतरवायचं.

उपकेंद्र

निमंत्रणाचा मजकूर एकदा इथे टाका. ‘हळदीकुंकू व कलावर्ग’ असं छापू नका, नवरा गेलेली किंवा एकटी राहणारी आई तिथेच गळते. ‘सासूबाईंसह’ असंही नको. आज्यांना वेगळं बोलावणं द्या, त्यांच्या नावाने, बाळं सांभाळायला. आणि जिचं बाळ दगावलंय किंवा अजून रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे, तिच्या दारात ही चिठ्ठी टाकून येऊ नका. आशाताईंनी स्वतः जाऊन तिला काय हवंय ते विचारावं.

बंदरकाठ

मजकूर असा केलाय: ‘बाळ घेऊन या. दुपारी ३ ते ४:३०. उशिरा आलात, मधेच उठलात, नुसत्या बसून राहिलात तरी चालेल. बाळ धरायला माणसं आहेत. चहा आहे.’

धावदोरा

‘चहा आहे’ पहिल्या ओळीत घ्या. आणि तो गरम असताना प्यायला मिळेल, असं लिहा. पण बाळ मांडीवर असताना कप हातात द्यायचा नाही. आधी आजीने बाळ घ्यायचं, मग कप.